आपल्या फौजेनं घेतलं नाही, म्हणून तिकडच्या फौजेत?

तू विचारलंस त्याला आठवडा झाला. अग्निवीरला दोनदा उतरलास, एकदा सोळाशे मीटरमध्ये सहा सेकंदांनी गेलास, एकदा मेडिकलमध्ये. भरतीचं वय सरलं, आता तो रस्ता बंद. मामांनी तुझ्या आईसाठी एकोणीस-वीस वर्षांपूर्वी लावलेला अर्ज निघालाय आणि घरच्यांबरोबर तुलाही ग्रीन कार्ड मिळतंय. तर तिकडं जाऊन अमेरिकेच्या फौजेत जावं का, तिकडची पोरं का जातात, आणि वडील म्हणतात तसा माणूस भाडोत्री होतो का, असं तुझं विचारणं आहे.

मीपण बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला. 2018 ते 2024 तिकडच्या फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. पगार, वजन, परीक्षा हे सगळं भरतीवाल्यांच्या साइटवर आहे, ते लिहीत नाही. जे तिथं नाही तेवढंच लिहितो.

तिकडची पोरं का जातात? फोर्ट जॅक्सनला दहा आठवडे ट्रेनिंग झालं. माझ्या शेजारच्या पलंगावर अलाबामाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. बायको पाच महिन्यांची पोटुशी, गोदामातल्या नोकरीत विमा नाही, म्हणून यानं फौजेची सही केली. बाळंतपणाचा खर्च सुटला. सोनोग्राफीचा फोटो तो झिपच्या छोट्या पिशवीत घालून खिशात ठेवायचा, आणि दिवे बंद व्हायच्या आधी एकदा काढून बघायचा. त्याच्या तोंडून देश हा शब्द मी कधी ऐकला नाही, पण त्याच्याइतका मन लावून शिकणारा दुसरा नव्हता. टेक्सासची एक मुलगी कॉलेजसाठी आली होती. पुरेशी नोकरी केली की सरकार छत्तीस महिन्यांच्या शिक्षणाचे पैसे भरतं. नायजेरियाचा एकजण अर्थशास्त्रात एमए झालेला, नागरिकत्वासाठी आला होता. एकाचा आजा व्हिएतनामला, बाप इराकला, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि एक पोरगा अनाथ, या घरातून त्या घरात वाढलेला. तो म्हणायचा, इथं मी हजेरीला नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येतं. 1973 मध्ये तिथली सक्तीची भरती बंद झाली. तेव्हापासून जो येतो तो स्वतःच्या सहीनं येतो, आणि सहीमागं प्रत्येकाचं असं काहीतरी असतं.

आपल्याकडं काय वेगळं आहे? पहाटे चारला जांबोटीच्या रस्त्यावर पळणारी पोरं तू रोज बघतोस, तूही त्यातलाच. चार भावांत दीड एकर. एकजण उद्यमबागला फाउंड्रीत, एकजण गोव्याला हॉटेलात, आणि ज्याच्या पायात दम आहे तो भरतीला. रांगेत मराठा असतो, लिंगायत असतो, धनगर असतो, मुसलमान असतो. पेन्शन, कँटीनचं कार्ड, लग्नाच्या बाजारातली किंमत, हे सगळं देशसेवेच्या जोडीनं असतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सीमाभागातल्या मराठी पोराचं आणखी एक असतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. राज्याच्या नोकरीत कन्नड आडवं येतं, महाराष्ट्रातली नोकरी बऱ्याचदा डोमिसाइलवर अडते. फौज तुला दोन्हीकडचं विचारत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर 1922 पासून बेळगावात आहे. कॅम्पातून सायकलवर जाताना परेडचा आवाज ऐकत आपण वाढलो. त्या दारातून आत गेलं की आपण कुठल्या राज्याचे, हा वाद बाहेर राहतो असं मला लहानपणी वाटायचं. अजूनही वाटतं.

2022 मध्ये अग्निपथ आलं तेव्हा मी तिकडं होतो. चार वर्षं, त्यातले पंचवीस टक्केच पुढं, बाकीच्यांना पेन्शन नाही. ते वाचून मला आपल्या गावातल्या घरांचा हिशेब आठवला. पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन आणि त्या पेन्शनीवर बहिणींची लग्नं, असा तो हिशेब होता. तुझ्या पिढीला तो मिळाला नाही. तुझी चिडचिड मला कळते.

आता माझं. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आजोबा त्याच पलटणीतून 1944 ला इटलीत लढले. मला 2006 मध्ये मेडिकलला काढलं, गुडघे एकमेकांना लागतात म्हणून. डॉक्टरनं खडूची खूण केली आणि पुढच्याला बोलावलं, संपलं. घरी आलो तर वडील गोठ्यात होते. ते काही बोलले नाहीत, वैरण टाकत राहिले. मी डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी केली, बायको नर्स, तिच्या नोकरीवर आम्ही तिकडं गेलो. एकतिसाव्या वर्षी मी भरतीच्या ऑफिसात जाऊन बसलो. विमा बायकोचा होता, नोकरी बरी होती, मला काहीच कमी नव्हतं. मी त्या गोठ्यासाठी गेलो होतो.

फोनवर सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण तू हे कुणासाठी करूलालास?" मी आजोबांचा दाखला दिला, तेही सहाव्या जॉर्जच्याच फौजेत होते की. ते म्हणाले, "त्यांना दुसरी फौज नव्हती." यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

भाडोत्री म्हणशील तर नाही. भाडोत्री पैसे घेऊन लढतो आणि निघून जातो. तू शपथ घेतोस, तिथं राहतोस, तिथं कर भरतोस, तुझी पोरं तिथं वाढतात. पण वडिलांच्या शब्दामागची भीती खोटी नाही, एवढं मान्य कर.

कागदांचं सांगतो, कारण तिथं मी फार पोळलोय. माझा जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, पासपोर्टवर बेळगाम, आणि 2014 च्या नोव्हेंबरपासून गावाचं सरकारी नाव बेळगावी. एका कचेरीतल्या बाईंना ही तीन वेगवेगळी गावं वाटली. वडिलांच्या नावात एका कागदावर जास्तीचा ए होता. त्यात 2017 च्या ऑक्टोबरात ग्रीन कार्डवाल्यांसाठी नियम कडक झाले, चौकशी पूर्ण झाल्याशिवाय ट्रेनिंगला पाठवेनात. सही करून मी आठ महिने घरी बसलो. प्रतिज्ञापत्र, भाषांतर, पुन्हा प्रतिज्ञापत्र. तू निघायच्या आधी सगळ्या कागदांवर आईवडिलांचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये करून घे, तहसीलला चार खेपा पडल्या तरी चालतील. नागरिक होईपर्यंत ज्या कामांना गुप्ततेची परवानगी लागते ती मिळत नाहीत, अधिकारीही होता येत नाही, म्हणजे ट्रेड निवडताना हात बांधलेले असतात. आणि सही चार वर्षांची केलीस तरी बांधिलकी एकूण आठ वर्षांची असते, राहिलेली वर्षं राखीव दलात. हे बारीक अक्षरांत असतं, ते वाच.

मुलीचं मात्र अजून सलतं. सहा वर्षांत तिच्या तीन शाळा झाल्या. दुसऱ्या शाळेच्या फॉर्मवर रकाना होता, घरी कोणती भाषा बोलता. आमच्याकडं शिरगणतीवाला दारात आला की आजी आतून ओरडायची, मातृभाषा मराठी लिहा म्हणावं. तो रकाना बघून माझा हात आपोआप मराठी लिहून गेला. पोरगी तिथंच जन्मलेली, इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं, पण तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवलं. रोज दीड तास, ॲपल, बॉल. गणिताचा तास बुडायचा. मी तेव्हा दुसऱ्या राज्यात महिनाभर सरावाला होतो, बायकोची रात्रपाळी. शाळा म्हणायची चाचणी वसंतात, त्याआधी काढता येत नाही. सात महिने. एकदा तिनं मला विचारलं, आपण मराठी लिहिलं म्हणून मी इथं आहे का? मी नाही म्हणालो. खोटं बोललो. तेव्हापासून ती घरी मराठीत बोलायला टाळते, आणि ते माझ्यामुळं झालं असं मला वाटतं.

एकटेपणाचं विचारलंयस. बरॅकीत एकटं बसायला कुणी देत नाही. त्याची काळजी करू नकोस.

तुझा मित्र रशियाचं बोलतोय म्हणालास, तेवढ्याला मात्र हात जोडून नको सांग. हेल्परची नोकरी म्हणून नेलेली पोरं युक्रेनच्या आघाडीवर गेली, त्यात आपल्या कर्नाटकातली पण होती. काही परत आली नाहीत. फौजेत घालतो म्हणून जो एजंट पैसे मागतो त्याच्या दारात उभं राहू नका.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. तिकडचा नागरिक झालास की भारताचं नागरिकत्व जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. मग लोक ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, काढतात आणि आयुष्यभर येऊन-जाऊन राहतात. पण परदेशी फौजेत असलेल्याला किंवा निवृत्त झालेल्यालाही ते कार्ड मिळत नाही. माझ्या बायकोकडं आहे, मुलीकडं आहे. मला दर वेळी व्हिसा काढावा लागतो, आणि त्या फॉर्मवर प्रश्न असतो की तुम्ही कुठल्या फौजेत होता, हुद्दा काय, नेमणूक कुठं. गेल्या गणपतीला गोव्याच्या विमानतळावर त्या दोघी पुढं निघून गेल्या आणि मी परदेशी माणसांच्या रांगेत उभा होतो. तिथून गाव दोन-तीन तासांवर.

घरी वडिलांचा काळा ट्रंक आहे, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेला. माळ्यावरून आरास काढताना मी तो उघडला. त्यांची मेडल्स, डिस्चार्ज बुक, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा वर्दीतला फोटो. भिंतीवर नाही लावला, पण मेडल्सच्या ट्रंकात ठेवला. मी विचारलं नाही. तसाच गुंडाळून ठेवला.

तुझ्या वडिलांशी मी बोलतो. शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडं आठ वाजले की फोन लाव, आणि फोन त्यांच्या हातात दे.