ख्रिस्ती चर्च स्थापनेपासून आजवर अखंड चालत आलंय का, की मध्ये खंड पडला होता?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राच्या मते खरं चर्च चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टँटाइनच्या काळातच संपलं आणि पुढे नुसतं नाव उरलं. हेच मी वीस वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाच्या तोंडून ऐकलंय, तेही आमच्या आजीची महिन्याची मिस्सा, म्हणजे ती गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये होणारी प्रार्थना, आटोपून घरी आल्यावर, तिच्याच ओट्यावर. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी वसईचा कॅथलिक. १९७४ च्या जुलैत, आईच्या माहेरी, सातव्याच महिन्यात जन्मलो. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, वाडीतली वाट गुडघाभर पाण्यात, दिवे गेलेले. सुईण म्हणाली, पोर सकाळ बघेलसं वाटत नाही. फादरांना आणायला मामा निघाला, तो अर्ध्या वाटेतून परत आला. मग आजीने कंदील जवळ ओढला, मडक्यातलं पाणी वाटीत घेऊन ती वाटी चुलीजवळ क्षणभर ठेवली, आणि माझ्या टाळूवर तीनदा ओतत म्हणाली, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." चौथी शिकलेली बाई. पण हे शब्द कोणते आणि कधी म्हणायचे, हे तिला तिच्या आईने पक्कं शिकवून ठेवलं होतं.

मी जगलो. तीन आठवड्यांनी मला चर्चमध्ये नेलं तेव्हा फादरांनी आजीला दोनच गोष्टी विचारल्या: काय ओतलं आणि ओतताना काय म्हटलं. तिने सांगितलं. ते म्हणाले, बाप्तिस्मा झालेला आहे, तो पुन्हा द्यायचा नसतो. तेल लावणं, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती एवढंच राहिलं होतं, ते त्यांनी केलं.

मावसभाऊ पुढे मुंबईला गेला, एका नव्या मंडळीत रमला आणि तिथे टाकीत बुडून त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तो त्याचा निर्णय, मी कधी अवाक्षर काढलं नाही. पण त्या दिवशी चहाचा कप हातात धरून तो मला म्हणाला, "आजीने तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं, बस. ज्या चर्चच्या नावाने ओतलं ते कधीच मेलंय." आई दारातच उभी होती. तिने सगळ्यांचे कप गोळा केले, आत गेली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही. मला तेव्हा काही सुचलं नाही.

आता सुचतं. चर्च मेलं म्हणणाऱ्याला आधी वर्ष विचारा. ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारा कॉन्स्टँटाइनचा मिलानचा हुकूम ३१३ चा. त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, १८० च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधल्या लिओंचा बिशप (त्या भागातला मुख्य धर्मगुरू) आयरेनियस रोमच्या बिशपांची, म्हणजे पोपांची, नावं ओळीने लिहून ठेवतो: लायनस, अनाक्लीट, क्लेमेंट, असे त्याच्या काळापर्यंत बारा. म्हणजे कॉन्स्टँटाइन आला तेव्हा घर उभंच होतं. बरं, ते घर त्याच्या हाताने पडलं म्हणाल, तर प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं काय करणार? त्यालाही १४८३ मध्ये जन्माच्या दुसऱ्याच दिवशी याच चर्चमध्ये बाप्तिस्मा मिळाला होता. पोपशी एवढं भांडून त्याने तो कधी नाकारला नाही, आणि तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणंही सोडलं नाही.

तरी मला स्वतःला ही नावांची यादी पटवत नाही. मला पटवतं ते जपानमधलं नागासाकी. वसईत हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, कारण आमचा गोन्सालो गार्सिया तिथे ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर गेला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानी चांगली येत असल्यामुळे तो फ्रान्सिस्कन संन्याशांचा दुभाषा होता. त्याच्यासह एकूण २६ जण त्या टेकडीवर मारले गेले. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि १६४४ मध्ये देशात उरलेला शेवटचा धर्मगुरूही मारला गेला. पुढची २२० वर्षं फादर नाही, मिस्सा नाही, बिशप नाही. अधिकारी येशूची, मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना तिच्यावर पाय द्यायला लावत.

तरी नागासाकीजवळच्या उराकामी गावातल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी लपून धर्म चालवला आणि कामं वाटून घेतली. एकाने सणावारांचं पंचांग सांभाळायचं, एकाने बाप्तिस्मा द्यायचा. त्या दुसऱ्याला म्हणत मिझुकाता, पाण्याचा माणूस. बौद्धांच्या कान्नोन देवीची मूर्ती पुढ्यात ठेवून मरियेची प्रार्थना करायची. लॅटिन शब्द पिढ्यानपिढ्या घासून त्यांचा अर्थ कुणाला लागेनासा झाला, तरी बाप मुलाकडून ते पाठ करून घेत राहिला. सात पिढ्या.

१७ मार्च १८६५, शुक्रवार. परदेशी लोकांसाठी नागासाकीत नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चच्या दाराशी उराकामीचे काही शेतकरी येऊन थांबले. फ्रेंच फादर पेतिजाँ आत गुडघे टेकून प्रार्थना करत होते. एक बाई त्यांच्याजवळ गेली, छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे, आणि मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? ते चर्च वाहिलेलं आहे त्याच २६ हुतात्म्यांना, म्हणजे आमच्या गोन्सालोलाही. हे सांगताना मला आजही भरून येतं. पुढे फादरांनी त्या लोकांकडे चौकशी केली ती बाप्तिस्म्याचीच: कसा देता, काय म्हणता. माझ्या आजीला विचारलं तेच.

कुठेच खंड पडला नाही, असं आमच्यातले काही जण छातीठोक सांगतात, ते मात्र चूक आहे. संत ऑगस्टीनच्या उत्तर आफ्रिकेत १०७६ पर्यंत अशी वेळ आली की नव्या बिशपला अभिषेक करायला लागणारे तीन बिशपही तिथे नव्हते. पोप सातवे ग्रेगरी यांनीच तसं लिहिलंय. नंतर तिथलं चर्च विझलं. लांब कशाला, सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस 'कल्याना' बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, आणि बहुतेक अभ्यासक हे आपलं कल्याणच मानतात. त्याचा धागा आमच्यापर्यंत येत नाही. आमचं सुरू झालं १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेल्यानंतर. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, गोरे मिशनरी गेले, आणि इथल्या धर्मगुरूंनी ते पुढे चालवलं. शिवाय १३७८ ते १४१७ या काळात आधी दोघे आणि शेवटी तिघे एकाच वेळी स्वतःला पोप म्हणवत होते. यादी दाखवून वाद जिंकायला जाणाऱ्यांनी ही चाळीस वर्षं नीट वाचावीत.

हे सगळं मी कॅथलिक म्हणून लिहिलंय. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा माणूस म्हणेल, धागा आमच्याकडे आहे, १०५४ मध्ये तुम्ही तुटलात. केरळचे सिरियन ख्रिस्ती संत थॉमसपासूनची परंपरा सांगतील. आयरेनियसच्या यादीतल्या सुरुवातीच्या नावांबद्दलही अभ्यासक शंका घेतात, कारण रोममध्ये एकाच बिशपची पद्धत दुसऱ्या शतकात रुळली असं त्यांना वाटतं. आणि जपानातले सगळेच लपलेले ख्रिस्ती परत आले नाहीत. काहींनी आपली जुनी रीत तशीच पुढे चालवली, आणि त्यांच्या लेखी तीच अखंड. मी त्यांना खोटं ठरवणार नाही.

मावसभावाशी माझं बोलणं आहे, लग्नकार्यात भेटतो, पण हा विषय आम्ही दोघंही टाळतो. तो हे वाचेल. त्याला सांगतो: गेल्या महिन्यात एका दाखल्यासाठी चर्चची नोंदवही काढली होती. माझ्या नावापुढे 'बाप्तिस्मा घरी, आजीकडून' असं शाईने लिहिलंय. चार पानं उलटली की तुझं नाव आहे, आणि धर्ममातेच्या रकान्यात आजीचं. तू कधी पाहिलं नसशील. एखाद्या रविवारी ये, दोघं मिळून बघू.