भाडं कमी, पण पावती हवी

या वेळची तिन्ही पत्रं ऑस्ट्रेलियातल्या घरांबद्दलची आहेत. उत्तरं देणाऱ्या ताई मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत राहतात आणि भाडेकरूंना सल्ला देणाऱ्या एका केंद्रात काम करतात.

प्रश्न: ताई, माझा मुलगा मेलबर्नला क्लेटनमध्ये मास्टर्स करतोय. कर्ज काढून पाठवलंय. सहा मुलांच्या घरात त्याला गॅरेजमध्ये जागा मिळाली, आठवड्याला 170 डॉलर. ज्या मुलाने ठेवून घेतलं त्याला चार आठवड्यांचं डिपॉझिट रोख दिलं. आता तो म्हणतो, मालक येणार, रविवारपर्यंत जागा सोड, पैशांचं नंतर बघू. तक्रार केली तर व्हिसाला धक्का लागेल अशी मुलाला भीती वाटते. आम्ही आणखी पैसे पाठवावेत का? गॅरेजमध्ये राहतो हे नातेवाइकांना सांगवतही नाही. – एक आई, सांगली

उत्तर: ताई, आधी व्हिसाचं सांगते, कारण मुलं त्याच भीतीने गप्प बसतात आणि त्यांना लुबाडणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. घराबद्दल तक्रार केली म्हणून विद्यार्थी व्हिसा जात नाही. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला 48 तासांपेक्षा जास्त नोकरी केली तर मात्र जाऊ शकतो. भाडं भागवायला जादा शिफ्ट घेणारी मुलं मी पाहते, तेव्हा जीव धसकतो. त्याला हे आज फोन करून सांगा.

आता जागेचं. ही गॅरेजं मी आत जाऊन पाहिली आहेत. गाडी आत घ्यायचं शटर तसंच असतं, त्याला आतून जिप्समची भिंत मारलेली. खालच्या फटीतून जुलैचा, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला वारा येतो, म्हणून मुलं टॉवेल कोंबतात. खिडकी नसते. घरातून लांब वायर ओढून हिटर लावलेला, वायर गादीखालून गेलेली. ती वायर बघून मला रात्री झोप लागत नाही. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात भाड्याच्या घरांना किमान दर्जाचे नियम आहेत आणि असं गॅरेज त्यात कुठेच बसत नाही. यात लाज मुलाने किंवा तुम्ही बाळगायची नाही. ज्याने अशी जागा भाड्याने दिली, त्याने बाळगायची.

एकेक खोली वेगळी भाड्याने देऊन घरात चार किंवा जास्त माणसं राहू शकत असतील, तर व्हिक्टोरियाच्या कायद्याने ते रूमिंग हाऊस ठरू शकतं. मग त्याची कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे नोंदणी लागते, चालवणाऱ्याला परवाना लागतो. नोंदणी झालेल्या अशा घरांची यादी कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या राज्याच्या ग्राहक खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. मुलाने आपल्या घराचा पत्ता त्यात शोधावा. नोंद असो वा नसो, 'रविवारपर्यंत नीघ' असं तोंडी सांगून कुणाला बाहेर काढता येत नाही. ठरावीक नमुन्यात लेखी नोटीस द्यावी लागते, तिच्यात कारण लिहावं लागतं. कुलूप बदललं तर तो गुन्हा धरला जाऊ शकतो. फक्त कौन्सिलला कळवण्याआधी सल्ला घ्या आणि दुसरी जागा हेरून ठेवा, कारण कौन्सिलने घर बंद केलं तर सहाही मुलं एकदम रस्त्यावर येतील.

डिपॉझिटला इथे बाँड म्हणतात. जो बाँड घेतो त्याने तो 10 कामकाजी दिवसांत सरकारच्या बाँड ऑथॉरिटीकडे भरायचा असतो आणि पावती थेट भाडेकरूकडे येते. तुमच्या मुलाला ती आली नसणारच. पण रोख दिलेले पैसे म्हणजे बुडालेच असं समजू नका. 'पैसे मिळाले' असा मेसेज, त्या दिवशी एटीएममधून काढलेली रक्कम, सोबत असलेला मित्र, एवढ्यावरही दावा उभा राहतो. मेसेजचे फोटो आत्ताच काढून ठेवायला सांगा, नंतर ते गायब होतात. टेनंट्स व्हिक्टोरिया ही संस्था भाडेकरूंना मोफत सल्ला देते. प्रकरण मिटलं नाही तर वीकॅट नावाच्या न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे वकील नसला तरी चालतं.

पैसे पाठवायचेच असतील तर नव्या जागेच्या बाँडपुरते पाठवा, आणि ते बँकेतून बँकेत जाऊ द्या. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे 29,710 डॉलर दाखवावे लागतात. बऱ्याच घरांतून तोच आकडा खर्चाचा अंदाज म्हणून धरला जातो. आठवड्याला 250 डॉलरची खोली धरली तर वर्षाला 13,000 तिथेच गेले. उरलेल्यात जेवण, प्रवास, फोन, पुस्तकं. म्हणजे चटके बसणारच, मुलगा उधळतोय असा संशय धरू नका.

जागा कुठे शोधावी? विद्यापीठाला खेटून राहायचा हट्ट सोडावा. स्प्रिंगवेल, नोबल पार्क ही स्टेशनं त्याच डॅन्डेनाँगच्या लाइनवर आहेत. तिथून हंटिंगडेलला उतरून 601 नंबरची बस विद्यापीठात नेते. स्प्रिंगवेलला भाजी, मासे, तांदूळ सगळं क्लेटनपेक्षा परवडतं. घरमालकाशी केलेल्या करारात स्वतःचं नाव हवं, किंवा मालकाच्या लेखी संमतीने पोटभाडेकरू म्हणून तरी. 'मी परदेशात आहे, पैसे भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो' म्हणणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नये. खोली बघितल्याशिवाय एक डॉलर द्यायचा नाही.

प्रश्न: आम्ही दोघं मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात राहतो, तात्पुरत्या वर्क व्हिसावर. आठवड्याला 480 भाडं, मुलगी तीन वर्षांची, पाळणाघराचा खर्च भाड्याला भिडलाय. मेलबर्नपासून लांबच्या बॅलरॅट शहरात जावं की चाकांवरचं छोटं घर घ्यावं, असं चाललंय. – टार्नीटचं जोडपं

उत्तर: चाकांच्या घराचा मोह मला कळतो, दिसतातही गोड. पण घर घेणं सोपं, ते उभं कुठे करायचं हा खरा प्रश्न. दुसऱ्याच्या आवारात कायमचं राहायचं तर कौन्सिलची परवानगी बघावी लागते आणि प्रत्येक कौन्सिलचा नियम वेगळा. शिवाय बँका सहसा त्यावर गृहकर्ज देत नाहीत. लहान मुलीला घेऊन तो घोर नको.

बॅलरॅटचा विचार मला पटतो. 31 मार्च 2023 पासून व्ही-लाइन या राज्याच्या रेल्वेसेवेच्या लांबच्या गाड्यांनाही मेलबर्न शहराच्या दिवसाच्या तिकिटाएवढीच कमाल मर्यादा आहे. त्यामुळे अंतर वाढलं तरी तिकीट त्या प्रमाणात वाढत नाही, वेळ मात्र जातो. मेलबर्न शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनपर्यंत साधारण दीड तास. आठवड्यात दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्याला ते जमतं, रोज जाणाऱ्याला नाही. तुमच्यातलं कोण किती दिवस जातं ते पत्रात नाही, सगळं त्यावर ठरेल. करार करण्याआधी तिथल्या पाळणाघरात फोन करून जागा आहे का विचारा, कारण घर मिळून पाळणाघर न मिळालेली माणसं परत आलेली आहेत. दुसरी गाडी लागेल का, तेही बघा. विमा, पेट्रोल, रजिस्ट्रेशन धरलं की भाड्यात वाचवलेलं तिथे जातं. आणि थंडी! बॅलरॅट उंचावर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याला टेकतो. घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराआधी हिटर कसला आहे ते बघा. गरम-थंड दोन्ही करणारा एसी असेल तर बिल आवाक्यात राहतं.

दुसरा पर्याय म्हणजे कुणाच्या परसातलं छोटं घर. डिसेंबर 2023 पासून व्हिक्टोरियात 60 चौरस मीटरपर्यंतच्या अशा घराला बहुतेक ठिकाणी प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, आणि ते नात्याबाहेरच्यांनाही भाड्याने देता येतं. बांधकामाची परवानगी मात्र लागतेच, ती मालकाला दाखवायला सांगा. विकत घराची घाई करू नका. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना जुनं घर घ्यायला 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2027 बंदी आहे, अपवाद मोजके.

प्रश्न: मी 68 वर्षांची, पुण्यात एकटी. सिडनीतला मुलगा म्हणतो, कोथरूडचा फ्लॅट विक, त्या पैशात माझ्या मागच्या अंगणात तुझ्यासाठी ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे वेगळं छोटं घर बांधू. – एक वाचक, पुणे

उत्तर: मुलाचं प्रेम खरं आहे, ते नाकारू नका. पण तिथे ग्रॅनी फ्लॅट वेगळा काढून विकता येत नाही, तो मुलाच्या जमिनीचाच भाग राहतो. म्हणजे पैसे तुमचे, मालकी त्याची आणि सुनेची. उद्या त्यांनी घर विकलं, किंवा दोघांचं फाटलं, तर तुम्ही कुठे? म्हणून मरेपर्यंत राहण्याचा हक्क आणि घर विकल्यास पैसे परत, हे वकिलाकडून लिहून घ्या, तुमचा वकील मुलाच्या वकिलापेक्षा वेगळा असू द्या. आई-वडिलांच्या कायमच्या व्हिसाला अनेक वर्षं लागतात. तो हातात पडेपर्यंत कोथरूडचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या, आणि भेटीच्या व्हिसावर जाऊन सिडनीचा एक हिवाळा काढून बघा.