अल्बेनियाच्या खाण्यापिण्यावर इतिहासाचा परिणाम कितपत झाला?

खूपच झाला, आणि सगळ्यात खोल खुणा दोन: ऑटोमन सत्तेची (15वे शतक ते 1912) आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीची. पातळ पाऱ्यांत चीज किंवा पालक भरून भाजलेला ब्युरेक, चोफ्ते (खिम्याचे गोळे), बकलावा (सुकामेवा भरलेली गोड मिठाई) हे पहिल्या काळातलं. 'चोफ्ते' आणि आपला 'कोफ्ता' मुळात एकाच फारसी शब्दातले. दुसऱ्या काळाबद्दल फार कमी बोललं जातं, पण रोजचं ताट त्यानेच जास्त बदललं. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाच्या राजवटीत शेती सामूहिक झाली, पुढे शेतकऱ्यांची घरची गुरंही गेली, आणि दूध-मांसासाठी रांगा लागल्या. 1967 मध्ये धर्मावरच बंदी आली. ईद, ईस्टर उघडपणे करता येईनात, तेव्हा सणाचं जेवण नववर्षाकडे सरकलं. टर्की आणि बकलावा आजही अनेक घरांत 31 डिसेंबरला असतात. 1991 नंतर लोक मोठ्या संख्येने इटली-ग्रीसला कामाला गेले आणि पास्ता, पिझ्झा, एस्प्रेसो अल्बेनियात घरचेच झाले.

एक मात्र लक्षात ठेवा: ऑटोमन काळातलं सगळंच तुर्कस्तानातून आलेलं नाही. कोकराचं मांस दह्यात भाजून केलेला 'तावे कोसी' एल्बासान शहराचा मानतात, आणि तुर्कस्तानातही तो 'एल्बासान तवा' म्हणूनच ओळखला जातो.