चर्चचे सॅक्रिस्टन काका गेले. त्यांच्या आठवणीसाठी पॅरिशने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जवळजवळ तीस वर्षं चर्चची घंटा वाजवणारे, वेदी मांडणारे तुमचे सॅक्रिस्टन काका गेल्या महिन्यात देवाघरी गेले. पॅरिश कौन्सिलने, म्हणजे चर्चच्या भाविकांच्या समितीने, तरुण मंडळाला 'काहीतरी सुचवा' म्हटलंय आणि तुमच्यात संगमरवरी पाटी की शिष्यवृत्ती यावर वाद चाललाय. मी वसईचा. आमच्या चर्चचे सॅक्रिस्टन काका गेले तेव्हा मी कौन्सिलवर होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पाटीचं नंतर बघा. आधी त्यांच्या घरी जा आणि काकूंना नीट विचारा, चर्चकडून हिशोब झाला का? शाळेतल्या शिपायाला फंड असतो, ग्रॅच्युइटी असते. चर्चच्या माणसाला पुष्कळ ठिकाणी पगाराची पावतीसुद्धा नसते. सणाला पाकीट आणि गरज पडली की फादरांची मेहेरबानी. तुमच्या ट्रस्टला कायदा लागू होतो की नाही हे वकील सांगेल. पण लागू नसला तरी ग्रॅच्युइटीचं गणित माप म्हणून वापरायला कोणाची हरकत नसावी. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पगार १३,००० आणि नोकरी २८ वर्षं असेल, तर २,१०,००० रुपये होतात. हा आकडा कौन्सिलपुढे ठेवा. पाटीवर सहज खर्च करायला निघालेली माणसं या आकड्याला गप्प होतात, हे मी पाहिलंय. हे पैसे 'मदत' म्हणून सभेत जाहीर करून देऊ नका. त्यांचेच आहेत ते.

दुसरी गोष्ट घाईची आहे, कारण ती विसरली जाते. काकांना काय काय येत होतं, ते लिहून काढा. फादर दर काही वर्षांनी बदलतात, काका तिथेच असतात. त्यामुळे चर्च प्रत्यक्षात चालतं कसं, हे एकट्या त्यांनाच माहीत असतं. कुठल्या रविवारी फादरांना हिरवा झगा, कुठल्या रविवारी जांभळा. राखेच्या बुधवारची राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करायची, म्हणून झावळ्यांच्या रविवारनंतर उरलेल्या झावळ्या कुठे जपून ठेवल्यात. कालिस, म्हणजे वेदीवरचा वाइनचा पेला, पुसायची कापडं पहिल्यांदा खळबळली की ते पाणी मोरीत न ओतता मातीत ओतायचं. आंजेलुसची, म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा तीन-तीन-तीन आणि मग सलग. पवित्र गुरुवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की घंटा मुकी, ती थेट पुनरुत्थानाच्या जागरणाला पुन्हा ग्लोरियालाच बोलणार. मधल्या काळात लाकडी खटखट. हे सगळं पुस्तकात मिळेल. पण पावसाळ्यात घंटेचा दोर फुगतो तेव्हा काय करायचं, स्पीकरची कुठली वायर हलवली की घरघर थांबते, कुठल्या म्हातारीला ख्रिस्तप्रसाद जागेवर नेऊन द्यावा लागतो, हे पुस्तकात नाही. आल्तारवर, म्हणजे वेदीवर, सेवा केलेली आजची चाळिशीतली मुलं, फादरांच्या घरी स्वयंपाक करणारी बाई, कबर खोदणारे भाऊ यांना गाठा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. किस्से आपोआप येतील; वाइन चोरून प्यायलेल्या पोरांना काकांनी फादरांपासून कसं वाचवलं, असा एक तरी निघेलच.

फ्लेक्सबद्दल एकच विनंती: लावू नका. लावलाच तर खाली नगरसेवकापासून अध्यक्षापर्यंत बारा जणांचे फोटो नकोत. श्रद्धांजली कोणाला वाहिलीय हे शोधावं लागतं.

मिस्सेचं, म्हणजे त्यांच्यासाठी चर्चमध्ये करायच्या उपासनेचं, तुम्हाला ठाऊक असेलच. महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा, आणि घरच्यांची इच्छा असेल तर ग्रेगोरियन मिस्सा, म्हणजे सलग ३० दिवस रोज एक. ती पॅरिशने आपल्या खर्चाने सांगावी. २ नोव्हेंबरला सगळे दफनभूमीत मेणबत्त्या घेऊन जातातच. त्यांच्या कबरीवर फुलं घालण्याचं काम आल्तारच्या मुलांकडे द्या. तुम्हाला महिन्याच्या मिस्सेत बोलायला सांगितलं असेल तर एकानेच बोलावं आणि ख्रिस्तप्रसादानंतरच्या प्रार्थनेनंतर बोलावं. कॅथलिक अंत्यविधीच्या नियमांत प्रवचनात मृताचं गुणगान होऊ नये असं सांगितलंय, आठवणीच्या चार शब्दांना जागा आहे ती शेवटी. चारच शब्द बोला. 'त्यांची पोकळी भरून निघणार नाही' हे वाक्य तेवढं टाळा, पुढच्या महिन्यात नवीन माणूस नेमायचाच आहे.

आता पाटी. फक्त त्यांच्या एकट्यांची नको, असं माझं मत. बऱ्याच चर्चच्या ऑफिसात प्रमुख धर्मगुरूंच्या नावांचा फलक असतो, सालांसकट. सॅक्रिस्टनचा, गायनमंडळाच्या मास्तरांचा, कबर खोदणाऱ्यांचा फलक मी कुठे पाहिलेला नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा पार नाशिकपर्यंत गेल्या. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येतं. ती वसईत कोणाच्या हातून वाजायची ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या पॅरिशमध्ये निदान अलीकडची नावं सापडतील. जुन्या हिशोबाच्या वह्या काढा, पगाराच्या रकान्यात नावं असतात. वाळवी लागायच्या आत काढा. त्या सगळ्यांचा एक साधा लाकडी फलक करा आणि सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीचं सामान ठेवायच्या खोलीच्या, दाराजवळ लावा. काकांचं नाव त्यात सालासकट येऊ द्या.

शिष्यवृत्तीला माझा विरोध नाही, पण दरवर्षी पैसे कोण गोळा करणार हे आधी ठरवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडली तर काकूंना ते जास्त लागेल.

आणि जे काही ठरेल ते कौन्सिलच्या इतिवृत्तात तारखेसह लिहून घ्या, रकमेसकट. मे-जूनमध्ये फादरांची बदली झाली की येणाऱ्या फादरांनी काकांना कधी पाहिलेलं नसेल, आणि तोंडी ठरलेलं त्यांच्यापुढे सिद्ध करत बसायची पाळी काकूंवर यायला नको.