पुढचा एक्स३डी प्रोसेसर किती तापेल, आणि त्याला ३६०चा लिक्विड कूलर लागेल का?

तुम्ही विचारलंय की एएमडीचा पुढच्या पिढीचा एक्स३डी (जादा कॅश मेमरी लावलेला, गेमिंगसाठीचा) प्रोसेसर आला की घ्यायचा आहे, तर गेममध्ये वेग किती वाढेल, ओव्हरक्लॉक (ठरवून दिलेल्या वेगाच्या वर चालवणं) करता येईल का आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड (पाण्यावर चालणारा) कूलर लागेलच का. लाँचच्या आधी फिरणारे आकडे मी इथे देत नाही, त्यांच्या भरवशावर कुणी पैसे अडकवू नयेत असं मला मनापासून वाटतं. पण या मालिकेच्या तीन पिढ्या आपल्यासमोर आहेत आणि त्यांच्यावरून बराच अंदाज बांधता येतो.

गेम चालू असताना प्रोसेसरचा मोठा वेळ आकडेमोडीत जात नाही, रॅममधून डेटा येण्याची वाट बघण्यात जातो. म्हणून २०२२ च्या एप्रिलमध्ये एएमडीने ५८००एक्स३डी आणला, तेव्हा नेहमीच्या ३२ एमबी एल-३ कॅशवर (म्हणजे चिपमधल्याच, रॅमपेक्षा खूप वेगवान मेमरीवर) आणखी ६४ एमबी कॅशचा थर चढवला. ही चिप ४.५ गिगाहर्ट्झपर्यंतच जायची, साधा ५८००एक्स ४.७ पर्यंत. तरी गेममध्ये एक्स३डी पुढे. तेव्हा नव्या चिपचे फक्त गिगाहर्ट्झ बघून गेमिंगचा अंदाज करू नका. कॅश किती आहे आणि ती कुठे बसवली आहे, हे आधी बघा.

'कुठे' हा प्रश्न कूलिंगसाठी कळीचा आहे. पहिल्या दोन पिढ्यांत कॅशचा थर वर होता आणि कोअरच्या, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या भागांच्या, डोक्यावर जागा भरून काढायला साधं सिलिकॉन होतं. कोअरवर रजई पांघरल्यासारखाच प्रकार. उष्णता वर जायला अडखळायची आणि व्होल्टेजही जपून द्यावं लागायचं. त्यामुळे ५८००एक्स३डीचं ओव्हरक्लॉकिंग एएमडीने बंदच ठेवलं, आणि २०२३ च्या ७८००एक्स३डीला कमाल तापमानाची मर्यादा ८९ अंशांची दिली, जिथे त्याच्या साध्या भावंडांना ९५ ची मुभा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी आला आणि त्यात कॅश खाली गेली, कोअर वर आले. उष्णतेचा रस्ता मोकळा झाला. बूस्ट (कमाल वेग) ५.२ गिगाहर्ट्झवर, तापमानाची मर्यादा ९५ अंशांवर, आणि मल्टिप्लायर, म्हणजे वेग हाताने वाढवायची सोय, एक्स३डीत प्रथमच पूर्ण खुला. पुढच्या चिपमध्येही कॅश खालीच असेल तर ओव्हरक्लॉकिंग खुलं राहण्याची शक्यता चांगली आहे. लाँचच्या दिवशी मी सगळ्यात आधी हेच तपासेन.

कंपन्यांच्या दाव्यांचं म्हणाल तर २०२४ हे वर्ष आठवा. ऑगस्टमध्ये एएमडीचा साधा, जादा कॅश नसलेला ९७००एक्स आला आणि गेममध्ये त्याने आधीच्या पिढीपेक्षा फारच थोडी वाढ दाखवली. ऑक्टोबरमध्ये इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के कित्येक गेममध्ये आपल्याच आधीच्या १४९००के च्या मागे पडला. आणि ९८००एक्स३डी आधीच्या एक्स३डीपेक्षा सरासरी ८ टक्के वेगवान असल्याचं एएमडीने सांगितलं, तर स्वतंत्र चाचण्यांत तो त्याच्या आसपास, काही ठिकाणी वरही निघाला. 'पिढी नवी' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय या चाचण्या मुद्दाम १०८०पी या कमी रिझोल्यूशनवर, सगळ्यात ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावून करतात, म्हणजे प्रोसेसरमधला फरक उघडा पडतो. तुमचं कार्ड मधल्या श्रेणीचं असेल आणि १४४०पी वर सायबरपंक २०७७ सारखे गेम खेळत असाल, तर त्यातला बराच फरक तुम्हाला दिसणारच नाही. काउंटर-स्ट्राइक २, फ्लाइट सिम्युलेटर किंवा फॅक्टोरिओसारख्या गेममध्ये मात्र मोठी कॅश खरोखर कामाला येते.

ओव्हरक्लॉकिंगबद्दल स्पष्ट सांगतो: करता येईल, पण त्यासाठी जादा पैसे घालू नका. १९९८ चा सेलेरॉन ३००ए ३०० मेगाहर्ट्झचा असून ४५० वर चालायचा, म्हणजे फुकटात दीडपट वेग. ते दिवस गेले. आता कारखान्यातूनच चिप जवळपास टोकाला ताणलेली येते. ९८००एक्स३डीला पीबीओ या एएमडीच्या वेग वाढवायच्या सेटिंगमधून २०० मेगाहर्ट्झ वाढवून दिले तरी ती ४ टक्क्यांच्याही आतली वाढ, आणि फ्रेममध्ये ती आणखी कमी दिसते. त्याऐवजी मदरबोर्डच्या सेटिंगमधला कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा आणि व्होल्टेज कमी करा. उणे १० पासून सुरुवात करून हळूहळू उणे २० पर्यंत जा, प्रत्येक पायरीला कोअरसायकलर या चाचणीच्या सॉफ्टवेअरने स्थिरता तपासा. तापमान उतरतं, आणि चिपला मोकळीक मिळाल्यामुळे ती वरचा वेग जास्त वेळ टिकवते. नागपूरकरांसाठी खरं ट्यूनिंग हेच.

आता कूलर. ९८००एक्स३डी ची कमाल वीजमर्यादा १६२ वॅट आहे, पण गेममध्ये तो साधारण त्याच्या निम्म्यावरच राहतो. शेजारचं ग्राफिक्स कार्ड त्याच वेळी अडीचशे-तीनशे वॅट त्याच कॅबिनेटमध्ये ओतत असतं. त्यामुळे चांगला ड्युअल-टॉवर एअर कूलर, सहा हीट-पाइप आणि १२० मिलिमीटरचे दोन पंखे, गेमिंगला पुरून उरतो. ३६०चा लिक्विड कूलर लावून तापमान काही अंश उतरेल, पण एवढीशी चिप आणि एएम५ (एएमडीचं सॉकेट) प्रोसेसरचं जाड धातूचं झाकण यांतूनच उष्णता बाहेर यायची असते. अडतं तिथे, रेडिएटरवर नाही. तुम्ही तासन् तास व्हिडिओ रेंडर करत असाल तर लिक्विडचा विचार जरूर करा.

हे वाचताना एक गोष्ट धरून चला. परदेशी चाचण्या बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात तुमच्या खोलीत ३७ असतील, तर तिथला ७० तुमच्याकडे ८५ च्या आसपास जाईल. खोलीचं तापमान जवळपास जसंच्या तसं वर चढतं आणि कोणताही पंखा किंवा पाण्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ८५ ला घाबरायचं कारण नाही, ९५ पर्यंत चालण्यासाठीच ती चिप बनवलेली आहे. पण कूलरमध्ये वाचवलेले पैसे जाळीदार समोरच्या पॅनेलच्या कॅबिनेटवर आणि पंख्यांवर घाला, धुळीची जाळी उन्हाळ्यात वरचेवर साफ करा. खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, त्यासोबत पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार येतात.

आणि लाँचच्या पहिल्याच आठवड्यात खरेदी करू नका. एप्रिल २०२३ मध्ये एक्स्पो (रॅमचा वेग वाढवायचं सेटिंग) चालू केल्यावर काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या भागाचं) प्रमाणाबाहेर देत होते आणि काही ७८००एक्स३डी जळाले. त्यानंतर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून ते १.३ व्होल्टवर बांधलं गेलं. नवी चिप बसवण्याआधी बायोस अद्ययावत करा आणि एक्स्पो लावल्यावर एचडब्ल्यूइन्फो या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा बघा. घेताना सीलबंद बॉक्स आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या सुट्या (बॉक्स नसलेल्या) ट्रे चिपचं वॉरंटीचं काम पुढे फार जड जातं.

तुमचं सध्याचं कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं ते लिहा. ड्युअल-टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, तो बसतो की नाही ते लगेच बघून सांगतो.