बाबांना टाइमटेबल करून दिलंय, तरी पाळत नाहीत!

"आई-बाबा नुसते बसून असतात. काहीतरी करा म्हटलं की चिडतात. रूटीन लावून दिलं तर दोन दिवस टिकतं. हे वयामुळे आहे की डिप्रेशन?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुला-मुलींची ही नेहमीची काळजी. घरात आजारपण, कुणाचं जाणं, घर बदलणं असा ताण चालू असला तर हमखास. याचं उत्तर म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

काका पंचाहत्तरीच्या आसपासचे, महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त. सगळं आयुष्य परळच्या एका जुन्या इमारतीत गेलेलं. इमारत पुनर्विकासाला गेली, तात्पुरत्या घरासाठी बिल्डरकडून भाडं मिळू लागलं आणि लेक जवळ राहते म्हणून काका-काकू ठाण्याला घोडबंदर रोडवर, एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आले. घर हवेशीर, लिफ्ट, खाली बाग. तक्रारीला जागा नव्हती, आणि तरी काही महिन्यांत काका सोफ्यावरून उठेनासे झाले. आठ वाजेपर्यंत अंथरुणात, अकराला पुन्हा डुलकी, रात्री दोनला टक्क जागे. टीव्ही चालू, पण काय चाललंय विचारलं तर सांगता येत नाही.

लेक आधी एकटीच आली. तिच्या मोबाइलमध्ये फ्रीजवर चिकटवलेल्या तक्त्याचा फोटो होता. सहाला प्राणायाम, सातला नाश्ता, आठला वाचन, दहाला सुडोकू, अकराला 'मोबाइल शिकणे'. रंगीत पेनांनी, अगदी मनापासून केलेला. त्यावर काकांचं म्हणणं एवढंच, की "मला पुन्हा बालवाडीत घातलंय."

मन वगैरे बोलण्याआधी मी तिला काकांना डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. थायरॉईड, बी-१२, साखर, सोडियम, आणि चालू गोळ्यांची पूर्ण यादी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसाचं सोडियम उतरतं आणि तो सुस्त, गोंधळलेला दिसायला लागतो. घरचे त्याला 'मनाला लावून घेतलंय' म्हणत राहतात. काकांचं बी-१२ कमी निघालं, ते सुरू केलं. बाकी ठीक होतं.

मग काका आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, मला काही झालेलं नाही. पोरीच्या समाधानासाठी आलोय." ज्येष्ठांसाठी एक १५ प्रश्नांची हो-नाही चाचणी आम्ही वापरतो. झोप, भूक, अंगदुखी या गोष्टी तिच्यात मुद्दाम फारशा विचारत नाहीत, कारण या वयात त्या नैराश्य नसतानाही बदललेल्या असतात. त्याऐवजी विचारतात, तुमची बरीचशी कामं नि आवडी सुटल्या आहेत का? बाहेर जाण्यापेक्षा घरात बसणं बरं वाटतं का? काकांची उत्तरं नैराश्याकडे झुकत होती. मानसोपचारतज्ज्ञांनीही पाहिलं. त्यांचं मत पडलं की औषध लगेच नको, आधी समुपदेशन करू आणि लक्ष ठेवू.

कसं वाटतंय हे काकांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्या पिढीतल्या बहुतेक पुरुषांकडे या प्रश्नाचं एकच उत्तर असतं: "बरं आहे." म्हणून मी विचारलं, "परळला तुमचा दिवस कसा सुरू व्हायचा?" आणि गडी बोलायला लागला. साडेचारला उठायचं, कारण पावणेपाचला पालिकेचं पाणी यायचं. खालची टाकी भरली की पंप चालू करायचा, वरची टाकी भरेपर्यंत तिथेच थांबायचं, नाहीतर ओव्हरफ्लो होऊन जिन्यातून पाणी. निवृत्तीनंतर हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं, एक पैसा न घेता. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर दोघा मित्रांबरोबर कटिंग, येताना तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं दूध. संध्याकाळी कट्टा. भाद्रपदाच्या आधी महिनाभर मंडळाचा हिशेब.

नव्या टॉवरमध्ये पंप आपोआप चालतो. दूध ॲपवर येतं. काकांच्या साडेचारच्या उठण्याला कुणाचा नळ अडकलेला नाही.

लेकीला मी हेच दाखवलं. तिच्या तक्त्यातली प्रत्येक गोष्ट चांगली होती, पण ती काकांनी नाही केली तर काकांशिवाय कुणाचंच काही बिघडत नव्हतं. परळच्या दिवसात मात्र जवळजवळ प्रत्येक तासाला कुणीतरी त्यांची वाट पाहत होतं. आपण ज्याला रूटीन म्हणतो, त्यातला मोठा भाग आपल्या शिस्तीचा नसतोच. तो जागेने आणि माणसांनी धरून ठेवलेला असतो. १९८८ मध्ये काही अमेरिकी मानसोपचार संशोधकांनी नैराश्याबद्दल जवळपास हीच मांडणी केली होती. जेवायच्या, भेटायच्या, कामाच्या ठरलेल्या वेळा शरीराच्या घड्याळाला रोज जुळवून देतात; जोडीदार गेला, नोकरी सुटली, घर बदललं की त्या वेळा कोसळतात, मग झोप, आणि तिच्यामागून मन.

काकूंचं काय, असं तुम्ही विचाराल. काकू आठवड्यात रुळल्या. देवपूजा, कणीक, कुकर, सगळं परळहून जसंच्या तसं उचलून आणलेलं. "आईचं बघा, किती पटकन ॲडजस्ट झाली," लेक कौतुकाने म्हणाली. मला त्या कौतुकाची थोडी भीती वाटते. स्वयंपाकघर बाईला उभं ठेवतं हे खरं, पण त्यातून ती कधी निवृत्तच होत नाही आणि तिच्या थकण्याकडे कुणी पाहत नाही. काकूंचे गुडघे सुजलेले होते, आणि ते कुणाच्याही तक्त्यात नव्हते.

तक्ता उतरवला. दिवस टांगायला तीन-चार खुंट्या पुरतात, पूर्ण भिंत भरायची गरज नसते. पहिली, उठायची वेळ. झोपायची नव्हे, झोप हुकमाने येत नाही, उठणं ठरवता येतं. वयाबरोबर झोप लवकर येते आणि लवकर उडते, त्यामुळे काकांनी साडेपाच ठरवले. दुसरी, उठल्यावर तासाभरात उघड्यावर अर्धा तास. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळसर होतं, शरीराच्या घड्याळाला लागणारा निळसर प्रकाश आत कमी पोचतो. बंद गॅलरीतल्या खुर्चीने काम भागत नाही. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. तिसरी, सकाळचा चहा काका करणार. यावर काकूंनीच आधी नाक मुरडलं. चौथी, कुणाच्या तरी उपयोगाचं रोजचं एक काम.

"मन लागलं की करीन," काका म्हणाले. सगळेच म्हणतात. नैराश्यात क्रम उलटा असतो. मन लागायची वाट पाहत बसलं तर ते लागत नाही. आधी पाऊल उचलावं लागतं, मन मागून येतं, तेही उशिराने. पहिले दोन आठवडे काहीच बरं वाटणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. हे सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो.

उपयोगाचं काम म्हणून नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं ठरलं. छान चाललं. मे महिन्याची सुट्टी लागली आणि काका पुन्हा सोफ्यावर. त्यामुळे एक कळलं, की एकाच माणसावर लटकलेली वेळ त्या माणसाबरोबर जाते. मग त्यांनी दुसरी सोय स्वतःच शोधली. परळचे शेजारी आता डोंबिवली, विरार, पनवेल असे पांगले होते. रोज संध्याकाळी सातला एकाला फोन, वार ठरलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा वार गुरुवार, आणि फोन पाच मिनिटं उशिरा गेला तर त्या स्वतःच लावतात. ज्येष्ठ नागरिक संघात जा, असंही मी सुचवलं होतं. "म्हाताऱ्यांत कशाला?" म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. चालायचंच.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. बिल्डरचं भाडं थकलं. सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एकपर्यंत आरडाओरडा, कोर्टात जायच्या गोष्टी, 'आपल्या हयातीत घर मिळत नाही' वगैरे. काकांची झोप पुन्हा उडाली. या वेळी आम्ही वेळा वाढवल्या नाहीत, चिंतेलाच एक वेळ दिली: सकाळी अकरा ते साडेअकरा. त्या अर्ध्या तासात ग्रुप वाचायचा, वहीत लिहायचं, कमिटीला फोन करायचा. इतर वेळी ग्रुप म्यूट, भाड्याचा विचार आला तर "अकराला बघू." हे ऐकायला पोरकट वाटतं, पण चिंतेवरची ही जुनी, वापरातली पद्धत आहे. भाडं त्याने आलं नाही. काकांच्या दोन-तीन रात्री वाईट गेल्याच. पण साडेपाचला ते उठत राहिले, चहा होत राहिला, सातचा फोन होत राहिला, आणि मागच्या वेळेसारखी घसरण झाली नाही.

प्रत्येक घरी असं निभत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी हटत नसेल, खाणं तुटलं असेल, "आता जगून काय करायचं" असं बोलणं येत असेल, किंवा रोजच्या वाटा आणि नावं विसरायला लागली असतील, तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन या हेल्पलाइनचा १४५६७ आहे.

लेकीने परवा विचारलं, "नवीन घराचा ताबा मिळाला की हे सगळं परत मोडणार ना?" थोडं मोडेल. चहा, उठायची वेळ आणि सातचा फोन पत्त्यावर अवलंबून नाहीत, ते सामानाबरोबर जातील. उरलेल्यासाठी मी सांगितलंय की ताबा मिळायच्या आधीपासूनच महिन्यातून एकदा काकांना परळला घेऊन जा. ती टपरी अजून आहे का, नसेल तर मित्र आता कुठे भेटतात, हे त्यांचं त्यांना शोधू दे. आणि येत्या आठवड्यात काकूंच्या गुडघ्यांसाठी अपॉइंटमेंट घे.