कोयनेखाली खचदरी काढण्याआधी

कराड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कराड ते कोयनानगर रस्त्यावरच्या तुझ्या गुरुत्वमापनाचा आलेख मिळाला. काम नेटकं आहे. पण आलेख जिथे खोलगट होतो त्याच्या बरोबर खाली तू एक खचदरी काढून मोकळी झालीस, म्हणून हे पत्र.

ही कल्पना तुझ्याआधी येऊन गेली आहे. 1973 साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी याच प्रकारच्या आकड्यांवरून दख्खनच्या बेसाल्टखाली दोन खचदऱ्या सुचवल्या, एक कोयनेची आणि एक कुर्डुवाडीची. तेव्हाच्या माहितीवर तो तर्क चांगलाच होता. कवच ताणलं जातं, मधला पट्टा खचतो, त्यात हलका गाळ साठतो, वर लाव्हा पसरतो आणि वजनाची तूट तेवढी वर जाणवत राहते. पण पुढे कोयनेत भोकं पाडली गेली. रासाटीला सुमारे 933 मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट-नाईस लागला, मध्ये गाळ नाहीच. गोठण्याला 3 किलोमीटर खोल गेले, तिथे बेसाल्टची जाडी 1247 मीटर भरली. किल्लारीला तर 338 मीटरवरच बेसाल्टचा तळ आला. गुरुत्वाकर्षणाची तूट खरीच आहे, पण तिचं कारण गाळाने भरलेली दरी नाही. ते त्याखाली शोधायला हवं, पायाच्या खडकाच्या घनतेत किंवा कवचाच्या जाडीत.

आता कागद-पेन्सिल घे. एक किलोमीटर जाडीचा सपाट थर घनतेत 0.1 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरने कमी असेल तर वर सुमारे 4.2 मिलिगॅलची (गुरुत्वाकर्षण मोजायचं आपलं एकक) तूट दिसते. पायाच्या खडकाची घनता 2.7 आणि गाळाची 2.4 धर, म्हणजे किलोमीटरभर गाळ साडेबारा मिलिगॅल खाली ओढेल. त्याच दरीत दीड किलोमीटर बेसाल्ट भर, घनता 2.9. तो साडेबारा मिलिगॅल वर ढकलेल. दोन्ही एकत्र असतील तर वर शून्य! एवढी मोठी दरी आणि आलेख सरळ रेषेत. शिलारस आला की हा असा घोळ होतो, आणि खचदऱ्यांच्या अभ्यासातला खरा रस मला तरी इथेच वाटतो.

जगभरची उदाहरणं याच नजरेने वाच. केनियाच्या खचदरीवर रुंद ऋण पट्टा आहे, म्हणजे तिथे ओढ कमी भरते, कारण खालचं प्रावरण तापून हलकं झालंय. पण त्याच्या मधोमध अरुंद उंचवटा दिसतो, तो वर घुसून थिजलेल्या जड शिलारसाचा. उत्तर अमेरिकेत सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीची एक मोठी खचदरी लाव्ह्याने इतकी भरली की आज ती आलेखात डोंगरासारखी वर आलेली दिसते. आपल्याकडे मुंबईच्या किनाऱ्यालगत असाच धन पट्टा आहे, आणि तो बहुतेक जण खाली घुसलेल्या जड खडकाचा मानतात. तेव्हा खचदरी म्हटली की आकडे खालीच जातात, हे डोक्यातून काढून टाक.

मोजणीबद्दल थोडं. डोंगरांची ओढ वजा करताना सगळीकडे 2.67 घनता लावायची सवय आहे, पण आपले डोंगर काळ्या कातळाचे, त्याहून जड. आलेखाचे चढउतार डोंगराच्या आकाराची नक्कल करायला लागले तर आधी घनता तपास. उंचीत एका मीटरची चूक म्हणजे दुरुस्त्यांनंतर जवळजवळ 0.2 मिलिगॅल, म्हणून मोबाइलवरच्या उंचीवर भिस्त ठेवू नकोस. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी भूरूपाची दुरुस्ती कंटाळा न करता कर, तिथे कड्याची ओढ लहान नसते. यंत्राचे तिन्ही स्क्रू फिरवून बुडबुडा मध्ये आणलास, तरी शेजारून उसाची जोड-ट्रॉली गेली की रीडिंग थरथरतं. ती लांब जाऊ दे, मग पुन्हा घे. दर दोन-तीन तासांनी बेसवर, म्हणजे पहिलं रीडिंग घेतलेल्या ठरलेल्या जागी, परत ये. स्प्रिंग सरकते, शिवाय चंद्र-सूर्याच्या ओढीने दिवसभरात आकडा 0.2-0.3 मिलिगॅलही हलतो.

हे सगळं इतक्या तळमळीने लिहितोय, कारण जागा कोयनेची आहे. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप पाटण तालुक्यातली घरं अजून विसरलेली नाहीत. तुझ्या अहवालातली खचदरी उद्या कुणीतरी गावात सांगेल, आणि लोक तिचा अर्थ आपल्या घराखालची भेग असाच लावतील. त्यांना घाबरवायचा हक्क आपल्याला फक्त पुराव्यानेच मिळतो.

तर आता असं कर. त्याच आकड्यांवर तीन वेगळी चित्रं बसव: एक गाळाच्या दरीचं, एक हलक्या ग्रॅनाइटचं, एक जाड कवचाचं. तिन्ही बसतील, बघच. मग प्रत्येकाला भोकांच्या नोंदी आणि चुंबकीय मोजणी लावून पाहा, कोण टिकतं ते. उथळ कारण असेल तर आलेखाचा उतार तीव्र हवा. तुझा बराच सौम्य आहे, आणि त्यावर तू एक ओळही लिहिली नाहीस. कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीला पत्र टाक आणि कोयनेच्या खडकांच्या मोजलेल्या घनता माग. पुस्तकातल्या घनतांपेक्षा त्या हजारपट उपयोगी. पुढचा मसुदा त्या आकड्यांसकट पाठव, मी वाट पाहतोय.

तुझा,
सर